पणजीचं माहेर शोधायचंय: घराण्याचा इतिहास कुठून धरावा, कसा लावून ठेवावा?

चरईची लेक | १४ जुलै, रात्री १०.२०

नमस्कार. खूप दिवस मनात होतं, आज लिहितेय.

आमची मोठी आत्या वैशाखात गेली. तिची खोली रिकामी करताना माळ्यावरची लोखंडी ट्रंक आणि दोन गोणी तांब्यापितळेची भांडी माझ्या ठाण्याच्या घरी आली. "तुला आवड आहे, तूच ने," असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

ट्रंकेत जन्मपत्रिकांच्या सुरळ्या आहेत, लग्नपत्रिका आहेत, शेतसाऱ्याच्या पावत्या, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, मोडीतले दोन कागद आणि एक जाडजूड पाकीट भरून फोटो आहेत. फोटोंच्या मागे एकही नाव नाही. आमचं मूळ गाव चिंचणी, डहाणू तालुक्यातलं.

मी उत्साहाने वंशवृक्ष काढायला घेतला. आधी वहीत, मग कार्डशीटवर, मग मुलाने एक्सेलमध्ये करून दिला. आता माझ्याकडे तीन वंशवृक्ष आहेत आणि तिन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. शंभराच्या वर नावं झाली, पण कुठलं नाव कोणी सांगितलं आणि कुठलं कागदावरून घेतलं, ते आता मलाच सांगता येत नाही.

आणि एक गोष्ट रात्री झोपू देत नाही. माझी पणजी. घरात ती लक्ष्मीबाई, पण ते सासरचं नाव. तिचं माहेरचं नाव काय, माहेर कुठलं, कोणालाच ठाऊक नाही. आत्याला नक्की ठाऊक होतं. मी ४० वर्षं तिच्याकडे दिवाळीला जात होते आणि एकदाही विचारलं नाही.

कोणी असं काम पद्धतशीर केलं असेल तर कृपा करून सांगा. सुरुवात कुठून करू?

जुनी वही | १४ जुलै, रात्री ११.०५

ताई, आधी आत्यांबद्दल वाईट वाटलं.

मी हे काम बारा वर्षं करतोय, त्यातली पहिली चार वाया घालवली. म्हणून सांगतो, आत्ता वंशवृक्ष बाजूला ठेवा. "घराण्याचा इतिहास" हा प्रश्नच नव्हे, त्याला ना आदि ना अंत. तुमचा खरा प्रश्न तुम्ही शेवटच्या परिच्छेदात लिहिलाय. तो एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: "पणजीचं माहेर कुठलं?" त्याखाली तीन गोष्टी लिहा. काय ठाऊक आहे, कशावरून ठाऊक आहे, आणि हे कोणाला किंवा कुठल्या कागदाला ठाऊक असू शकेल. तिसऱ्या यादीतली पहिली नावं जिवंत माणसांची असू द्या. कागद आणखी वर्षभर थांबेल. ८० च्या पुढची माणसं थांबतील असं धरून चालू नका, हे तुम्हाला मी सांगायला नकोच.

दुसरं, एक शोधवही करा. साधी दोनशेपानी. तारीख, कुठे गेलो, काय शोधलं, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत पाहिलं, काय मिळालं. काहीच मिळालं नाही तर तेही लिहायचं, अगदी ठळक. मी एका तहसील कचेरीत एकाच गावाची तीच फेरफार नोंदवही, म्हणजे जमिनीच्या मालकीतल्या बदलांची वही, दोन वर्षांच्या अंतराने दोनदा चाळली. दोन्ही वेळा दिवसभराची रजा टाकली होती. पहिल्या वेळेला काही मिळालं नाही म्हणून मी काहीच लिहून ठेवलं नव्हतं.

आणि प्रत्येक नावासमोर ते कुठून आलं ते लिहा. "आत्या म्हणायची", "आजोबांचा दाखला", "लग्नपत्रिका". ज्याच्यासमोर काही लिहिता येत नाही ते नाव खोडू नका, पेन्सिलीत ठेवा. तुमचे तीन वंशवृक्ष जुळत नाहीत ते याच एका कारणाने.

ऐरोलीकर | १५ जुलै, सकाळी ७.५०

जुनी वहींना अनुमोदन. संगणकाचं मी सांगतो.

तीन वंशवृक्ष जुळत नाहीत त्याचं आणखी एक कारण असू शकतं. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. म्हणजे रामचंद्र गोविंद, त्याचा मुलगा गोविंद रामचंद्र, त्याचा मुलगा पुन्हा रामचंद्र गोविंद. आजोबा आणि नातू, दोघांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं तेच. आमच्या घराण्यात मी अशा दोन माणसांचा एकच माणूस करून टाकला होता आणि त्याला ९७ वर्षांचं आयुष्य दिलं होतं. म्हणून नावावर विसंबायचं नाही, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा.

सोपी रीत अशी: तुम्ही १. वडील २, आई ३. पुढे कोणाच्याही क्रमांकाची दुप्पट केली की त्याचे वडील, दुप्पट अधिक एक केलं की आई. वडिलांचे वडील ४, वडिलांची आई ५, आईचे वडील ६, तिची आई ७. तुमची पणजी तुमच्या वडिलांच्या वडिलांची आई ना? म्हणजे ४ ची दुप्पट अधिक एक, ९. तिच्याविषयी जे जे मिळेल त्या फाइलचं नाव ९ ने सुरू करा. या रीतीत एक चांगलं आहे, बायकांचे क्रमांक आधीच राखलेले असतात. १९ क्रमांक म्हणजे पणजीची आई. ती जागा रिकामी असली तरी आहे, हे रोज दिसत राहतं.

ग्रॅम्प्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, देवनागरी नावं नीट घेतं. त्यातून जेडकॉम फाइल निघते, ती पुढे वंशवृक्षाच्या दुसऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये उघडते. एक्सेलमध्ये नाती बसवत राहिलात तर तीन पिढ्यांनंतर तुमचं तुम्हालाच कळेनासं होईल.

एक कळकळीची विनंती. हयात माणसांच्या जन्मतारखा, आईचं माहेरचं आडनाव वगैरे उघड्यावर टाकू नका. बँकेच्या सुरक्षा प्रश्नांची उत्तरं आपण आपल्याच हाताने वाटत असतो.

वेखंड | १५ जुलै, दुपारी २.१५

ट्रंकेविषयी कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. ग्रंथालयात नोकरी केली, जुने कागद हाताळण्यात आयुष्य गेलं.

कृपा करून काहीही लॅमिनेट करू नका. ती उष्णता आणि ते प्लास्टिक कागदात मुरतं आणि परत निघत नाही. सेलोटेप तर अजिबात नको. पिन आणि स्टेपल हळूच काढा, गंज कागद खातो. जन्मपत्रिकेच्या सुरळ्या एकदम उलगडायच्या नाहीत, घडीवर तडकतात. पावसाळ्याच्या दमट हवेत दोन दिवस तशाच खोलीत ठेवा, कागद थोडा नरम होतो, मग उलगडून फोटो घ्या. फोटो खिडकीच्या उजेडात घ्यायचा, फ्लॅश नको. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी घाला, पोथ्यांना आपल्या आज्या हेच करत.

फोटोंच्या मागे बॉलपेनने लिहू नका, वळ पुढे उमटतो. मऊ पेन्सिल वापरा आणि अगदी कडेला लिहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, काहीही वेगळं करण्याआधी ट्रंक जशी आहे तशी वरून फोटो काढत काढत उपसा. कुठला कागद कुठल्या कागदाबरोबर बांधलेला होता, यालाच अर्थ असतो. एका सुतळीत बांधलेल्या चार पावत्या चार घड्यांत वाटून टाकल्या की त्यांचं आपसातलं नातं गेलं.

खाडीपल्याड | १६ जुलै, रात्री ९.३०

मी कोपरखैरण्याचा, आगरी. आमच्याकडे वंशावळ हौसेने नाही, गरजेपोटी निघाली. नवी मुंबई वसवायला सिडको १९७० ला आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या. पुढे गेलेल्या जमिनीपोटी साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळायची वेळ आली तेव्हा प्रत्येक घराला मूळ खातेदारापासून आजपर्यंतचे सगळे वारस कागदावर आणावे लागले. माझ्या आजोबांची ती फाइल चार इंच जाड आहे. त्यात ज्या बायकांची नावं घरात कोणी उच्चारत नव्हतं त्या सगळ्या आहेत: आजोबांच्या तीन बहिणी, कोण कुठल्या गावी दिली, कोणाची मुलं किती. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तानच्या जमीन आंदोलनात आमची माणसं मारली गेली, त्या पिढीची नावं त्या फाइलमुळे आम्हाला घरोघरच्या नात्यासकट माहीत आहेत. नवी मुंबईत कोणाचं मूळ गावठाणातलं घर असेल तर आधी ती फाइल मागा.

ताई, बायका शोधायच्या तर फेरफार बघा, त्यातही १९५६ नंतरचे. त्या वर्षी हिंदू वारसा कायदा आला आणि बाप मेल्यावर वारसांत मुलींची नावं लागायला लागली, नवऱ्याच्या नावासकट. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार, ६ क म्हणजे वारस नोंदवही. बहिणींनी हक्कसोड करून दिलं असेल तर त्या दस्तात सगळ्या बहिणी एका रांगेत सापडतात. ठाणे जिल्ह्याचे पुष्कळ जुने सातबारे आणि फेरफार सरकारच्या "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत, थोडी फी भरून घरबसल्या मिळतात.

पण नातेवाइकांकडे कागद मागायला जाल तेव्हा जपून. माझ्या चुलत काकांनी मला दारातच विचारलं होतं, "वाटा मागायला आलास काय?" मी त्यानंतर पहिल्या भेटीत कधीच कागद मागत नाही. त्यांच्या लग्नाचा फोटो आपल्याकडे असतो, त्याची मोठी प्रत काढून नेतो. मग ते स्वतःच कपाट उघडतात.

तळ्यापाळी | १७ जुलै, सकाळी ११.१०

आम्ही ठाण्याचे ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे कॅथलिक, घरात मराठीच. आमच्या देवळाच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात बाळाचं नाव, आईबापाचं नाव, आणि धर्ममाता-धर्मपिता यांचीही नावं असतात. माझ्या पणजीचं माहेर मला तिच्या लग्नाच्या नोंदीत मिळालं नाही. तिच्या पहिल्या मुलाची धर्ममाता कोण, त्यावरून मिळालं. ती पणजीची बहीण होती. तुमच्याकडे बाप्तिस्मा नसला तरी बारशाला, लग्नाला माहेरची माणसं येतातच. लग्नपत्रिकेच्या तळाला बारीक अक्षरात आपले नम्र, आमच्या येथे, असं जे लिहिलेलं असतं ते वाचा. वरची मोठी अक्षरं सोडून द्या.

चरईची लेक | ३ ऑगस्ट, रात्री ९.४५

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. शोधवही केली. पहिल्या पानावर प्रश्न लिहिला. ट्रंक वेखंडताईंनी सांगितली तशी उपसली. पत्रिकांतून आजोबांची सापडली: शके १८४५. त्यात आईचं नाव लक्ष्मी, म्हणजे सासरचंच. पुढे गाडी अडली.

मोडीचे दोन कागद मला वाचता येत नाहीत. चिंचणीला चुलत काकी आहेत, ८१ वर्षांच्या. त्यांना फोन केला. "सासूबाईंच्या सासूचं माहेर? ते आम्हाला कोण सांगणार बाई," म्हणाल्या. साल विचारलं की त्या गप्पच होतात.

मोडीवाचक | ४ ऑगस्ट, सकाळी ८.३०

काकींना साल विचारू नका. आपल्या आज्यांच्या डोक्यात साल नसतं, घटना असतात. मुंबईहून रेवसला जाणारी रामदास बोट बुडाली, ती १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येचा दिवस. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. ७२ चा दुष्काळ. "रामदास बोट बुडाली तेव्हा तुमच्या सासूबाईंच्या सासूबाई होत्या का? चुलीपाशी होत्या की अंथरुणावर?" असं विचारा. आणि फोनवर नको, समोर बसून. फोटोंचं पाकीट बरोबर न्या. हातात फोटो असला की माणसाला बोलायला जागा मिळते. परवानगी घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा.

मोडी कागदांविषयी. या लिपीत शब्द तोडत नाहीत, ओळ आधी आखून अक्षरं तिला लोंबकळत जातात, ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही. तरी दोनतीन महिन्यांच्या सरावाने आपल्या घरचे कागद लागायला लागतात. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीची परीक्षा घेतं. तोवर हे शब्द लक्षात ठेवा. "बिन" किंवा "वलद" म्हणजे अमक्याचा मुलगा. "कोम" म्हणजे अमक्याची बायको. पुढे सातबाऱ्यात "भ्र." दिसेल, भ्रतार. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आणि "अ.पा.क." दिसलं तर थांबा: अज्ञान पालनकर्ता. मुलाच्या नावापुढे अ.पा.क. म्हणून आईचं नाव असेल, तर ते मूल अज्ञान असतानाच बाप गेलेला असतो. तीन अक्षरांत एका घरावर काय ओढवलं होतं ते कळतं.

साल काढायचं तर शकात ७८ मिळवा, तारीख पौष ते फाल्गुनातली असेल तर बहुधा ७९. फसली, म्हणजे जुनं महसुली, सन असेल तर ५९०, ते मृगाला बदलतं. तुमच्या आजोबांचं शके १८४५ म्हणजे १९२३-२४.

आणखी एक, जिल्हा तपासा. चिंचणी आज पालघर जिल्ह्यात आहे, पण तो जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधीचं सगळं ठाण्याच्या नावाने आहे. तसंच रायगडचं जुनं नाव कुलाबा, सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत, मुरुड जंजिरा संस्थानात आणि जव्हार जव्हार संस्थानात. ज्या सालाचा कागद हवा त्या सालची हद्द काय होती ते आधी पाहायचं, मग कचेरी ठरवायची.

कागदांचे फोटो मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, वाचून देतो. पैसे नकोत.

चरईची लेक | २१ सप्टेंबर, रात्री १२.१०

झोप येत नाहीये म्हणून आत्ताच लिहितेय.

मोडीवाचकांनी दोन्ही कागद वाचून दिले, एक गहाणखत आणि एक सावकाराची पावती. पणजीविषयी त्यांत काही नव्हतं. शोधवहीत ठळक लिहिलं: काही मिळालं नाही.

मग गौरीसाठी भांडी घासायला काढली होती, त्यातच आत्याकडच्या गोणीतलं मोठं घंगाळ निघालं. तांब्याचं, दोन बाजूंना कड्या. आत्या त्याला "द्वारकेचं घंगाळ" म्हणायची. आम्ही सगळे समजून होतो, कोणीतरी द्वारकेच्या यात्रेहून आणलं असणार. चिंच आणि मीठ लावून घासत होते. काठाच्या खाली, कडीच्या मागे, बोटाला काही खरखरलं. आणखी चिंच लावली. अक्षरं होती. छिन्नीने कोरलेली, काही झिजून गेलेली. मी टॉर्च आडवा धरून, भांडं फिरवत फिरवत वाचलं:

"चि. सौ. कां. द्वारका इचे लग्नांत मामाकडून. मु. केळवें. शके १८४१."

मामांचं नाव आणि आडनावही आहे, ते इथे देत नाही.

द्वारका हे तिचं नाव होतं. आत्या आयुष्यभर तिच्या आजीचं माहेरचं नाव घेत होती आणि आम्ही गावाचं नाव समजत होतो. मी मोरीत बसून रडले. मुलगा घाबरून धावत आला.

म्हणजे माझी पणजी केळव्याची!

जुनी वही | २१ सप्टेंबर, सकाळी ६.४०

ताई, अंगावर काटा आला वाचून. भांड्यांचं मी इतक्या वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं, मलाच सुचलं नव्हतं.

पण आनंदात घाई करू नका. भांडं मामाने दिलंय. मामाचं गाव म्हणजे पणजीचं आजोळ. केळवे हे तिच्या आईचं माहेर, तिचं नव्हे. ऐरोलीकरांच्या क्रमांकात बोलायचं तर तुम्हाला ९ चं नाव मिळालं आणि १९ चं माहेर मिळालं. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाच्या एक पिढी मागे जाऊन पोचलात.

आणि दुसरी शंका, वाईट वाटून घेऊ नका. ही द्वारका म्हणजे तुमचीच पणजी कशावरून? पणजोबांना भाऊ होते का? एकत्र घरात भांडी मिसळतात. शके १८४१ ला, म्हणजे १९१९-२० मध्ये, त्या घरात आणखी कोणाचं लग्न झालं असेल तर हे घंगाळ चुलत पणजीचंही असू शकेल. आजोबा १८४५ चे, ते जुळतं. पण जुळणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं.

वेखंड | २१ सप्टेंबर, सकाळी १०.००

आता त्या अक्षरांवर पुन्हा चिंच लावू नका. खडूची बारीक पूड कोरड्या कापडाने भरून बाजूने उजेड धरा आणि फोटो घ्या, झिजलेलंही उठून दिसेल.

खाडीपल्याड | २१ सप्टेंबर, रात्री ८.२०

जुनी वही बरोबर बोलतात. मामा सख्खा की मानलेला हेही बघायला हवं. आमच्याकडे आईच्या गावचा कोणीही मामाच.

मामांचं आडनाव आणि गाव हातात आहे ना, मग नाशिक गाठा. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यांकडे नामावळ्या असतात, आडनाव आणि गाव यांवरून लावलेल्या. आलेला यजमान स्वतःच्या हाताने लिहून जातो: बाप, आजा, भाऊ, मुलं, बरोबर कोण आलं. तुमच्या सासर-माहेरच्या आडनावाने विचाराल तशीच या मामांच्या आडनावानेही विचारा. "केळव्याचे अमुक" एवढं म्हटलं की कोणत्या उपाध्यांकडे ते गाव आहे ते तिथेच सांगतात.

चरईची लेक | १९ जानेवारी, रात्री १०.५५

उशीर झाला, क्षमा असावी. मध्ये चिंचणीला काकींकडे दोन दिवस राहून आले, फोटो घेऊन. रामदास बोटीचं विचारलं. "होत्या की, मला सासूबाईंनी सांगितलंय, बोट बुडाल्याचं ऐकून त्यांनी तीन दिवस दारातला दिवा विझवला नव्हता, त्यांच्या भावाचं रेवसला जाणं-येणं होतं." म्हणजे भाऊ होता. शोधवहीत लिहिलं: काकी, ऐकीव, पेन्सिलीत.

काकींनी हेही सांगितलं की पणजोबांना धाकटा भाऊ होता, पण तो अविवाहित गेला. मोठं कोणी नव्हतं. जुनी वहींच्या शंकेचं निम्मं उत्तर मिळालं.

गेल्या शनिवारी सकाळच्या तपोवनने नाशिकला गेले, मुलाला घेऊन. रामकुंडाजवळ चौकशी करत तिसऱ्या घरी केळव्याची नामावळी निघाली. गुरुजींनी लांबट वही मांडीवर घेतली, लाल कापडात बांधलेली. आडनाव सांगितलं. पानं उलटता उलटता एका ठिकाणी थांबले, म्हणाले, "हे आहेत बघा, पण मोडी आहे." आणि बोट ठेवून सावकाश वाचलं. मी म्हटलं, गुरुजी, पुन्हा वाचा. त्यांनी तीनदा वाचलं. मुलाने लिहून घेतलं.

शके १८४६, मामांच्या स्वतःच्या हातचं. बाप, आजा, दोन भाऊ, दोन मुलगे. मग खाली: "सोबत भगिनी, दिली आगाशीस. भाची द्वारका, दिली चिंचणीस." आमचं आडनाव. "तिचा मुलगा" आणि पुढे माझ्या आजोबांचं नाव.

आजोबा तेव्हा वर्षा-दीड वर्षाचे असणार. म्हणजे त्या दिवशी रामकुंडावर ती आईबरोबर आणि मामाबरोबर आली होती, माझ्या आजोबांना कडेवर घेऊन. मामा सख्खा होता, आजोळ केळवे, माहेर आगाशी. आगाशीचं आडनावही नोंदीत आहे.

गुरुजींनी वही पुढे केली आणि म्हणाले, आता तुम्हीही लिहा. मी आमच्या पानावर लिहिलं. आधी द्वारका, मग तिची आई जिचं नाव अजून मिळालेलं नाही, तिच्यासाठी "आगाशीची, माहेर केळवे" एवढं. मग आत्याचं नाव. मग माझं, सासरचं आणि माहेरचं दोन्ही.

शोधवहीत नवीन पान काढलंय. "१९ चं नाव काय?" आगाशी वसई तालुक्यातलं. त्या बाजूच्या फेरफारांत कोणी काम केलं असेल, किंवा कोणाच्या घरी तिथल्या जुन्या लग्नपत्रिका असतील, तर मला व्यक्तिगत निरोप करा. आडनाव तिथे सांगेन.